बंदीचा हुकूम नेमका कुणाच्या नावाने निघतो?

१८ जानेवारी २०२५ च्या रात्री अमेरिकेत टिकटॉक उघडणाऱ्यांना व्हिडिओऐवजी एक निरोप दिसू लागला: कायद्याने बंदी आल्यामुळे सेवा सध्या मिळणार नाही. कायद्याची तारीख होती १९ जानेवारी, म्हणजे तो अमलात यायला अजून थोडा वेळ होता. शिवाय तो कायदा वाचला तर ‘टिकटॉकने आपला पडदा काळा करावा’ असं वाक्य त्यात कुठेही सापडत नाही. लोकांनी टिकटॉक वापरू नये, असंही त्यात म्हटलेलं नाही. ज्यांच्या फोनमध्ये ते अ‍ॅप होतं त्यांना एका डॉलरचाही दंड नव्हता. मग ते बंद पडलं कसं?

कायद्याने बांधलं होतं ते दोन प्रकारच्या धंद्यांना. पहिले अ‍ॅप स्टोअर चालवणारे, म्हणजे मुख्यतः अ‍ॅपल आणि गूगल. दुसरे होस्टिंगवाले: अ‍ॅपचा डेटा ज्यांच्या यंत्रांवर राहतो आणि जिथून तो फोनपर्यंत येतो ते. टिकटॉकच्या बाबतीत हे काम ऑरॅकल आणि अकामाईकडे होतं. १९ जानेवारीपासून यांनी टिकटॉकला सेवा दिली तर दर वापरकर्त्यामागे कमाल ५,००० डॉलर दंड. अमेरिकेत टिकटॉकचे वापरकर्ते सुमारे १७ कोटी. गुणाकार करून पाहा, ८५,००० कोटी डॉलर होतात. इतकी रक्कम कोर्ट खरंच ठोठावेल का, हा भाग वेगळा. कंपनीच्या वकिलाची झोप उडवायला ती पुरते.

समाजमाध्यमावर बंदी येणार अशी बातमी आली की सगळी चर्चा कारणावर होते. देशाची सुरक्षा की राजकारण, चीन की व्यापार. या विषयात मुरलेली माणसं मात्र आधी हुकमावरचं नाव वाचतात. कंपनी परदेशात, मालक परदेशात, सर्व्हरही बहुधा परदेशात. सरकारचा हात तिथवर जात नाही. तो जातो आपल्या हद्दीतल्या मध्यस्थांपर्यंत: स्टोअर, होस्टिंग, इंटरनेट सेवा देणारे, बँका. यांतल्या कुणाच्या हातात हुकूम पडला यावर बंदी किती वेगाने बसेल, किती घट्ट बसेल आणि भलत्याच कुणाला किती लागेल, हे ठरतं.

स्टोअरवाल्याला हुकूम

हा सगळ्यात सौम्य प्रकार. अ‍ॅप स्टोअरमधून नाहीसं होतं, फोनमध्ये असलेलं मात्र तसंच राहतं. जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅपलने ग्राहकांना याचा अर्थ नीट समजावून सांगितला होता. आधी घेतलेलं अ‍ॅप फोनवर राहील. ते काढून टाकलं तर परत घेता येणार नाही. नव्या फोनवर बॅकअपमधून आणायला गेलात तरी ते येणार नाही. अ‍ॅपमधून नवी खरेदी किंवा नवी वर्गणी बंद. बाहेरच्या देशातून अमेरिकेत आलेल्या पाहुण्यालाही तिथे असेपर्यंत ते डाउनलोड किंवा अपडेट करता येणार नाही.

लोक फसतात ते दुसऱ्याच मुद्द्यावर. अ‍ॅप नीट चालत नाही म्हटल्यावर आपण सवयीने ते काढून पुन्हा टाकतो. बंदीच्या काळात हीच चूक महागात पडते, कारण काढल्यावर परतीची वाट नसते. अमेरिकेत त्या आठवड्यांत टिकटॉक आधीपासून असलेले जुने फोन ऑनलाइन विक्रीला लागले आणि विकणाऱ्यांनी त्यांच्या किमती हजारो डॉलरपर्यंत नेल्या. त्या किमतीला किती खपले कोण जाणे, पण जाहिराती खऱ्या होत्या.

स्टोअरबंदीने अ‍ॅप मरतं, पण हळूहळू. अपडेट मिळत नाहीत म्हणून सुरक्षेतली भोकं बुजत नाहीत. फोनची प्रणाली पुढे सरकते, अ‍ॅप मागे राहतं, आणि मग एखाद्या दिवशी कॅमेरा उघडत नाही, दुसऱ्या दिवशी लॉगिन होत नाही. सरकारला लोकांचा रोष एका रात्रीत नको असेल तर ही पद्धत सोयीची, कारण दोष कुणाचा हे सामान्य वापरकर्त्याच्या लक्षातच येत नाही. गैरसोय इतकीच की ज्यांच्या सुरक्षेसाठी बंदी घातली म्हणायचं, तेच लोक जुनं, सांदीफटी असलेलं अ‍ॅप महिनोन् महिने वापरत राहतात.

होस्टिंगवाल्याला हुकूम

इथे मात्र दिवा एकदम विझतो. टिकटॉकने जून २०२२ मध्ये जाहीर केलं होतं की अमेरिकी वापरकर्त्यांच्या डेटाची सगळी ये-जा आता ऑरॅकलच्या क्लाउडमधून, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांमधून, होते. ‘प्रोजेक्ट टेक्सास’ या नावाने चाललेल्या या व्यवस्थेवर दीड अब्ज डॉलर खर्च केल्याचं कंपनी सांगत असे. डेटा चीनबाहेर आणि अमेरिकी कंपनीच्या ताब्यात आहे हे दाखवून सरकारचं समाधान करायचं, हा हेतू. परिणाम उलटा झाला. सगळी यंत्रं अमेरिकी कंपनीकडे गेल्यामुळे ती अमेरिकी कायद्याच्या कक्षेतही आली, आणि त्या कंपनीला दंडाची भीती घातली की अ‍ॅप थांबणार हे उघड झालं.

१९ जानेवारीला, निवडून आलेल्या पण अजून शपथ न घेतलेल्या ट्रम्प यांनी सेवा देणाऱ्यांना दंड होणार नाही असं जाहीर केल्यावर अर्ध्या दिवसाच्या आसपास खंड पडून टिकटॉक परत सुरू झालं. स्टोअरमध्ये मात्र ते लगेच आलं नाही. अ‍ॅपल आणि गूगलने १३ फेब्रुवारीपर्यंत वाट पाहिली. होस्टिंगवाल्यांनी तोंडी शब्दावर विश्वास टाकला, स्टोअरवाल्यांनी टाकला नाही. त्यांचं म्हणणंही समजण्यासारखं आहे. कायदा रद्द झालेला नव्हता, फक्त ‘आम्ही अंमलबजावणी करणार नाही’ असं आश्वासन होतं. असा दंड वसूल करायला सरकारला पाच वर्षांची मुदत असते आणि अध्यक्षाची कारकीर्द चार वर्षांची. पुढचं सरकार मागची थकबाकी काढू शकतं. म्हणून या कंपन्यांना अ‍ॅटर्नी जनरलच्या, म्हणजे सरकारच्या न्याय खात्याच्या प्रमुखाच्या, सहीची लेखी हमी हवी होती. अशी पत्रं त्यांना गेली, हे जुलै २०२५ मध्ये ती पत्रं उघड झाल्यावर सगळ्यांना कळलं.

इंटरनेट कंपनीला हुकूम

स्टोअर आणि होस्टिंग दोन्ही परदेशी असतील तर सरकारपाशी उरतात आपल्याच देशातल्या इंटरनेट कंपन्या. जगात बहुतेक ठिकाणी बंदी इथेच लावली जाते आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतात. हे काम तीन प्रकारे करता येतं.

पहिला प्रकार डीएनएसचा. तुम्ही अ‍ॅप उघडलंत की फोन आधी एका सर्व्हरला विचारतो, ‘या नावाच्या सेवेचा आकडी पत्ता काय?’ हा सर्व्हर बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचा असतो. सरकारने सांगितल्यावर तो पत्ता सांगायचं बंद करतो किंवा चुकीचा सांगतो. खर्च जवळपास शून्य, काम काही तासांत. पण पत्ता सांगणारा एकच असतो असं थोडंच आहे? मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानने ट्विटर असंच बंद केलं, तेव्हा लोकांनी भिंतींवर ८.८.८.८ हा आकडा रंगवला. तो गूगलच्या खुल्या डीएनएसचा पत्ता. फोनच्या सेटिंगमध्ये तो टाकला की बंदी संपली. मग सरकारने गूगलच्या त्या पत्त्याकडे जाणारी विचारणाच वाटेत अडवून खोटी उत्तरं द्यायला लावली. डीएनएसची बंदी ही अशी असते: पहिल्या दिवशी बऱ्याच लोकांना अडवते, आठवडाभरात फक्त अनभिज्ञांना.

दुसरा प्रकार थेट आकडी पत्ता, म्हणजे आयपी, अडवण्याचा. हा जास्त घट्ट वाटतो, पण आजकाल एकाच पत्त्यावर शेकडो वेगवेगळ्या सेवा राहतात आणि मोठं अ‍ॅप मिनिटा-मिनिटाला पत्ता बदलू शकतं. एप्रिल २०१८ मध्ये रशियाने टेलिग्राम अडवायचं ठरवलं, कारण कंपनी संदेशांची कुलपं उघडणाऱ्या किल्ल्या गुप्तचर खात्याला देत नव्हती. टेलिग्राम अ‍ॅमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडमध्ये पत्ते बदलत राहिलं आणि रशियन नियंत्रक मागून एकेक पट्टा अडवत गेला. बघता बघता सुमारे १.८ कोटी पत्ते बंद झाले. टेलिग्राम चालूच राहिलं. बंद पडल्या त्याच क्लाउडवर असलेल्या दुकानांच्या, बँकांच्या, खेळांच्या सेवा. जून २०२० मध्ये रशियाने ही बंदी मागे घेतली.

आयपीच्या बाबतीत याहूनही वाईट घडू शकतं. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब अडवण्यासाठी ‘यूट्यूबकडे जायची वाट माझ्याकडून आहे’ अशी खोटी वाट आपल्या जाळ्यात टाकली. हेतू असा की देशातली विचारणा इथे येईल आणि इथेच संपेल. पण ती घोषणा चुकून हाँगकाँगच्या सेवादात्याकडे गेली आणि त्याने ती तपासल्याशिवाय जगभर पुढे पाठवली. इंटरनेटचा नियम असा की दोन वाटा सांगितल्या गेल्या तर जास्त नेमकी वाट खरी धरायची. यूट्यूबने १,०२४ पत्त्यांचा पट्टा जाहीर केला होता, पाकिस्तानने त्यातल्याच २५६ पत्त्यांचा. साहजिकच राउटरांनी पाकिस्तानचं ऐकलं आणि सुमारे दोन तास जगातल्या बऱ्याच भागांतून यूट्यूब गायब झालं. एका देशाची बंदी अशी जगाला लागू झाली.

तिसरा प्रकार सर्वांत कसबी. तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर कुलूपबंद असतो हे खरं, पण संभाषण सुरू करताना ‘मला अमुक नावाच्या सेवेशी बोलायचं आहे’ हे पहिलं वाक्य बहुतेक वेळा उघडं जातं. याला एसएनआय म्हणतात. पाकीट बंद आहे, पण वर पत्ता लिहिलेला आहे, असं समजा. इंटरनेट कंपनीचं यंत्र तो पत्ता वाचतं आणि नाव यादीत असेल तर जोडणी तोडून टाकतं. डीएनएस बदलून इथे सुटका होत नाही. मात्र अशी यंत्रं महाग असतात, लाखो जोडण्या तपासताना सगळंच इंटरनेट हळू होतं, आणि पाकिटावरचा पत्ताही झाकणारी नवी पद्धत हळूहळू रुळते आहे.

या तिन्ही बंद्या व्हीपीएनने, म्हणजे आपली ये-जा दुसरीकडच्या सर्व्हरमार्फत वळवणाऱ्या सेवेने, चुकवता येतात, असं सर्रास सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. व्हीपीएन तुमची वाट लपवतो, तुम्ही कोण हे लपवत नाही. अ‍ॅप स्वतःहून बंदी पाळत असेल तर ते फक्त आयपी बघत नाही. खातं कुठल्या देशात उघडलं, स्टोअरचा देश कोणता, सिमकार्ड कुठलं, हेही बघू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये अनेक अमेरिकी वापरकर्त्यांना व्हीपीएन लावूनही तोच काळा पडदा दिसला, तो यामुळेच. फुकट व्हीपीएनचा धोका तर वेगळाच: एका परदेशी कंपनीला आपला डेटा मिळू नये म्हणून घातलेल्या बंदीतून पळताना लोक दुसऱ्या, अनोळखी कंपनीच्या हाती सगळी ये-जा सोपवतात.

एका रात्रीत, आणि साडेचार वर्षांत

भारताने २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी जाहीर केली. टिकटॉकचे इथे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. दुसऱ्या दिवशी ते स्टोअरमधून गेलं आणि पाठोपाठ फोनवरही चालेनासं झालं. हे इतक्या झटपट कसं झालं? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ६९अ केंद्र सरकारला थेट अधिकार देतं: देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी मध्यस्थांना मजकूर किंवा सेवा अडवायला सांगायचं. २००९ च्या नियमांत तातडीची सोय आहे. आधी अडवा, मग ४८ तासांच्या आत प्रकरण समितीपुढे ठेवा. हुकूम न पाळणाऱ्या मध्यस्थाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कैद आपल्या माणसांना होणार हे माहीत असलेली इंटरनेट कंपनी वाद घालत बसत नाही. त्याच नियमांत गोपनीयतेची अटही आहे, त्यामुळे हुकमात नेमकं काय लिहिलं होतं हे लोकांसमोर येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये ती बंदी कायमची झाली.

अमेरिकेच्या सरकारला असा थेट अधिकार नव्हता, निदान कोर्टाला तरी तो दिसला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ट्रम्प यांनी १९७७ च्या आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्याखाली टिकटॉकविरुद्ध आदेश काढला. त्या कायद्यात १९८८ मध्ये घातलेली एक सूट आड आली. अध्यक्षाला व्यापार थांबवता येईल, पण पुस्तकं, चित्रपट, छायाचित्रं अशा माहितीच्या देवाणघेवाणीला हात लावता येणार नाही, असं ती सूट सांगते. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन आणि पेनसिल्व्हेनियातल्या दोन वेगवेगळ्या न्यायाधीशांनी आदेश रोखले. बायडन यांनी जून २०२१ मध्ये ते मागेच घेतले. मग मोंटाना राज्याने मे २०२३ मध्ये आपल्यापुरता बंदीचा कायदा केला. नोव्हेंबरमध्ये तोही कोर्टात अडकला.

या फसलेल्या प्रयत्नांतून अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, धडा घेतला आणि सुरुवातीला आलेला तो २०२४ चा कायदा वेगळ्या बेताने लिहिला. त्यात बंदी असा मथळाच नाही, अट आहे: चीन, रशिया, इराण किंवा उत्तर कोरिया यांच्या नियंत्रणाखाली असलेलं अ‍ॅप असेल तर ते विका, विकलं नाही तर अमेरिकी मध्यस्थांनी त्याला हात लावायचा नाही. नियंत्रण म्हणजे काय, तर या देशांतल्या व्यक्ती किंवा कंपन्यांकडे २० टक्के किंवा त्याहून जास्त वाटा. मुदत २७० दिवस. अध्यक्षाला ती एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांनी वाढवता येते, आणि तीही विक्रीचे करार खरोखर पुढे गेलेत हे संसदेला लेखी कळवून. बायडन यांनी २४ एप्रिल २०२४ ला सही केली. २७० दिवस मोजले की १९ जानेवारी २०२५ येतो, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा शेवटचा पूर्ण दिवस. हा योगायोग म्हणावा का, हे वाचकाने ठरवावं. (मालाची, धंद्यांची किंवा प्रवासाची परीक्षणं देणारी संकेतस्थळं कायद्यातून वगळली होती. अशा सवलती कुणाच्या मागणीवरून येतात, हे कायद्यांच्या मसुद्यात रस असणाऱ्यांना विचारा.)

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०२५ ला एकमताने हा कायदा उचलून धरला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न न्यायाधीशांनी नाकारला नाही. पण कायदा कुठला विचार मांडावा यावर बोलत नाही, मालक कोण यावर बोलतो, म्हणून त्याला सगळ्यात कडक नव्हे, तर मध्यम दर्जाची कसोटी लावली. त्या कसोटीत १७ कोटी लोकांचा डेटा परक्या सरकारच्या हाती पडण्याची भीती हे कारण त्यांना पुरेसं वाटलं. चीन लोकांना काय दाखवायचं हे ठरवेल, या दुसऱ्या कारणावर निकालाची इमारत उभी केलेली नाही. पुढच्या कुठल्याही अ‍ॅपच्या खटल्यात हा फरक महत्त्वाचा ठरेल.

ब्राझीलमध्ये चक्र उलट्या टोकापासून फिरलं. तिथे प्रश्न परदेशी मालकीचा नव्हता, देशात उत्तरदायी माणूस नसण्याचा होता. एक्स (पूर्वीचं ट्विटर) या कंपनीने ब्राझीलमधलं कार्यालय बंद केलं आणि कायदेशीर प्रतिनिधी नेमायला नकार दिला. नोटीस बजावायची कुणाला? ३० ऑगस्ट २०२४ ला न्यायमूर्ती अलेशांद्रे द मोराइस यांनी दूरसंचार नियंत्रकामार्फत देशभरातल्या इंटरनेट कंपन्यांना एक्स बंद करायला सांगितलं. व्हीपीएनने पळवाट काढणाऱ्याला दिवसाला ५०,००० रेआल दंड लावला. दंडाची वसुली मात्र एक्सकडून होईना, म्हणून त्याच मालकाशी जोडलेल्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीची ब्राझीलमधली खाती गोठवली गेली. हात पोहोचतो तिथे बंदी, म्हणतात ते हेच. मध्येच १८ सप्टेंबरला एक्सने आपली ये-जा क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ कंपनीच्या जाळ्यातून वळवली आणि ते ब्राझीलमध्ये अचानक दिसू लागलं, कारण जुने अडवलेले पत्ते आता निरुपयोगी झाले होते. नवे पत्ते अडवावेत तर क्लाउडफ्लेअरवरच्या इतर हजारो सेवा गेल्या असत्या. शेवटी कंपनीने प्रतिनिधी नेमला, २.८६ कोटी रेआल भरले आणि ८ ऑक्टोबरला बंदी उठली.

सरकारला बंदीची किंमतही मोजावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळने नोंदणी न केलेल्या २६ समाजमाध्यमांना इंटरनेट कंपन्यांमार्फत बंद केलं. नोंदणी केलेलं टिकटॉक त्या यादीत नव्हतं, आणि सरकारविरुद्धच्या आंदोलनाचे व्हिडिओ तिथूनच पसरत राहिले. पाच दिवसांत बंदी उठली, पंतप्रधान ओलींनाही पद सोडावं लागलं.

विकायचं म्हणजे काय विकायचं?

अमेरिकेने ‘विका’ म्हटलं, पण टिकटॉकचं मोल आहे कशात? व्हिडिओ लोकांचे, नाव कुणालाही देता येतं. मोल आहे ते पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे ठरवणाऱ्या अल्गोरिदममध्ये. ऑगस्ट २०२० मध्येच, अमेरिकेच्या पहिल्या आदेशानंतर काही आठवड्यांत, चीनने निर्यातीवर निर्बंध असलेल्या तंत्रज्ञानाच्या यादीत व्यक्तीच्या आवडीनुसार मजकूर सुचवणारं तंत्रज्ञान घातलं. म्हणजे बीजिंगच्या परवानगीशिवाय बाइटडान्स, टिकटॉकची चिनी मालक कंपनी, ते परक्याला विकू शकत नाही. इकडे अमेरिकी कायदा म्हणतो, विक्रीनंतर जुन्या मालकाशी अल्गोरिदमच्या बाबतीत सहकार्य नको. एकीकडून न्यायला बंदी, दुसरीकडून ठेवायला बंदी. अशा कात्रीत कंपनी दोन्ही कायदे एकाच वेळी पूर्णपणे पाळू शकत नाही.

म्हणून २०२५ भर मुदतींवर मुदती पडत गेल्या. २० जानेवारीपासून सप्टेंबर अखेरपर्यंत ट्रम्प यांनी एकूण पाच आदेश काढले. यांतला कुठलाही कायद्यातली ‘एकदाच ९० दिवस’ ही वाढ नव्हता. सगळ्यांत अंमलबजावणी थांबवायची सूचना होती. पाचव्या, म्हणजे २५ सप्टेंबरच्या आदेशाने ठरलेला सौदा कायद्यात बसतो असं जाहीर केलं. जानेवारी २०२६ मध्ये तो पुरा झाला. अमेरिकेतल्या टिकटॉकसाठी संयुक्त कंपनी उभी राहिली. त्यात ऑरॅकल, सिल्व्हर लेक आणि अबू धाबीची एमजीएक्स यांचा प्रत्येकी १५ टक्के वाटा, आणि बाइटडान्सचा १९.९ टक्के.

१९.९ हा आकडा वर आलेल्या २० टक्क्यांच्या अटीशेजारी ठेवून पाहा. अल्गोरिदम विकला नाही, परवान्यावर दिला. नव्या कंपनीने तो अमेरिकी वापरकर्त्यांच्या डेटावर पुन्हा शिकवायचा आणि त्यावर ऑरॅकलने नजर ठेवायची. चीनच्या दृष्टीने तंत्रज्ञान देशातून गेलं नाही. अमेरिकेच्या दृष्टीने नियंत्रण इकडे आलं. जाहिराती आणि ऑनलाइन विक्री यांसारखा पैसे देणारा भाग मात्र बाइटडान्सकडेच राहिला. ‘सहकार्य नको’ या कलमात परवाना बसतो का, असा सवाल टीकाकार करतात. सौदा कायद्यात बसतो हे ठरवायचं काम कायद्याने अध्यक्षाकडेच सोपवलं होतं आणि ते त्यांनी केलं.

ज्यांचं काम त्या अ‍ॅपवर चालतं त्यांनी

बंदीची चर्चा कानावर आली की पहिलं काम आपला डेटा मागवण्याचं. टिकटॉकमध्ये प्रोफाइल, वरच्या तीन रेघा, सेटिंग्ज, अकाउंट आणि तिथे डेटा डाउनलोड. दोन प्रकार विचारले जातात: टीएक्सटी वाचायला सोपं, जेसन दुसऱ्या यंत्रणेत घालायला सोपं. विनंती केल्या केल्या फाइल मिळत नाही, काही दिवस लागू शकतात. तयार झाल्यावर ती चारच दिवस उपलब्ध असते. शेवटच्या दिवशी लाखो लोक एकदम मागणी करतात, तेव्हा रांगेत अडकू नये एवढं बघा.

या फाइलमध्ये अनुयायांची नावं येतात, अनुयायी येत नाहीत. ते दुसऱ्या अ‍ॅपवर हलवायची कुठलीही सोय नाही. म्हणून ईमेलची यादी किंवा स्वतःचं संकेतस्थळ, जिथला संपर्क तुमच्या हातात राहतो, बंदीआधीच सुरू केलं तर उपयोग. अ‍ॅप बंद झाल्यावर लोकांना सांगायला जागाच उरत नाही. व्हिडिओ वेगळे उतरवून घ्यावे लागतात आणि अ‍ॅपमधून उतरवले तर त्यांवर शिक्का येतो. मूळ, बिनशिक्क्याची प्रत फोनच्या गॅलरीत किंवा हार्ड डिस्कवर ठेवण्याची सवय आधीपासून हवी. अर्धवट मसुदे तर फोनमध्येच साठतात, खात्यात नाही. अ‍ॅप काढलं की ते गेले.

पैशाचं येणं असेल तर शिल्लक रक्कम वेळेत काढून घ्यावी. जाहिरातदारांशी केलेल्या करारात ‘व्यासपीठ बंद पडल्यास काय’ हे एक वाक्य नसेल तर ते घालून घ्यावं. पोस्ट टाकायची तारीख बंदीनंतरची निघाली तर वाद तिथेच सुरू होतो.

पर्यायी अ‍ॅप निवडताना मालक तपासा. १८ जानेवारीच्या रात्री टिकटॉकबरोबर कॅपकट आणि लेमन८ हीसुद्धा बंद झाली, कारण कायदा बाइटडान्सच्या सगळ्या अ‍ॅप्सना लागू होता. ज्यांनी टिकटॉकला पर्याय म्हणून लेमन८ वर खातं उघडलं होतं आणि व्हिडिओ कॅपकटमध्ये जोडले होते, त्यांचे तिन्ही दरवाजे एकदम बंद झाले. मार्व्हल स्नॅप हा पत्त्यांचा खेळही त्या रात्री गेला. तो बनवणारा स्टुडिओ कॅलिफोर्नियातला. पण प्रकाशक होती न्यूव्हर्स, आणि न्यूव्हर्सची मालक बाइटडान्स. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.